भीमाची दोन बोटं

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा म्हणजे अंगापिंडानं दांडगा गडी. वारणाकाठचं गाव सोडून तो मुंबईला आला तो अंगातल्या रगेच्या भरवशावर. शहरानं त्याला काम दिलं नाही. हिंडत हिंडत तो उपनगरातल्या एका डोंगरापाशी पोचतो, तिथल्या दगडाच्या खाणीवर त्याला काम मिळतं आणि हातात पहार आल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. बायको आणि पोर दोन वेळा जेवू लागतात. ठेकेदार खूश असतो, भीमाही खूश असतो. मग एके दिवशी खाण बंद पडते. घराकडं परतताना मसणवट्यात त्याला प्रेताच्या राखेचा ढीग दिसतो आणि त्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. तिथून पुढं भीमा राख चाळायला लागतो.

गोष्ट इथवर सांगितली की ऐकणारा अंग चोरून घेतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही आपल्याकडची मोठी शिवी, आणि भीमा जवळजवळ तेच करतो आहे. अण्णा भाऊंना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण त्यांनी भीमाला ना झाकलं, ना त्याची वकिली केली. त्यांनी त्याचं काम दाखवलं. खाणीत जो माणूस मान मोडून दगड फोडत होता, तोच माणूस तितक्याच नेटानं राख चाळतो. बायको घाबरते, नको म्हणते. तो ऐकत नाही, कारण खाणीत दिवसभर राबून जे मिळत नव्हतं ते इथं एका रात्रीत मिळतं आहे. पुढं एका पैसेवाल्याच्या मयताची बातमी लागते. त्याला पुरलेलं असतं. रात्री भीमा तिथं जातो, तर कोल्हे आधीच थडगं उकरायला आलेले. त्या कोल्ह्यांशी तो एकटा लढतो, रक्तबंबाळ होतो, प्रेत वर काढतो. तोंडातलं सोनं काढताना मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. कशीबशी ती सोडवून तो घरी येतो आणि दोन बोटं डॉक्टरला कापावी लागतात. त्याच दिवशी बातमी येते, बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान पोरासारखा रडतो.

हे रडणं नीट वाचायला हवं. पाप केलं म्हणून तो रडत नाही. देवानं शिक्षा दिली असंही त्याच्या मनात येत नाही. पहार धरणारी बोटं गेली, ज्यांच्या जिवावर डोंगर फोडला ती बोटं सोन्यापायी गेली, आणि काम तर आता दारात येऊन उभं आहे, म्हणून तो रडतो. दुसऱ्या कुणी ही कथा लिहिली असती तर शेवटी भीमाला पश्चात्ताप करायला लावला असता आणि वाचकाचं समाधान केलं असतं. अण्णा भाऊंनी ते केलं नाही. वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेल्या, मुंबईत येऊन गिरणीत राबलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिणाऱ्या या माणसाला एवढं पक्कं माहीत होतं की पश्चात्तापालाही थोडी सवड लागते, आणि भीमाकडं ती नव्हती.

गरिबी माणसाचं काय करते, या प्रश्नाला आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, गरिबी माणसाला शुद्ध करते. हालअपेष्टा सोसलेला माणूस दुसऱ्याचं दुःख जाणतो, अर्धी भाकर असली तरी वाटून खातो. दुसरं म्हणतं, गरिबी माणसाला बिघडवते. पोटाला चिमटा बसला की माणूस चोरी करतो, दारू पितो, बायकोला मारतो. दोन्ही उत्तरं देणारे बहुतेक वेळा पोटभर जेवलेले असतात. पहिल्या उत्तराच्या कथा आपल्या पाठ्यपुस्तकांत भरपूर येऊन गेल्या. फी भरता येत नाही म्हणून खाली मान घालून बसलेला हुशार मुलगा, सापडलेलं पाकीट परत करणारी मोलकरीण. असली माणसं जगात नसतात असं मुळीच नाही, पुष्कळ असतात. पण कथेत ती येतात ती बहुधा वाचकाच्या मनाची सोय म्हणून. ती चांगली निघाली की त्यांच्या गरिबीबद्दल आपल्याला काही करावं लागत नाही, नुसतं डोळ्यांत पाणी आलं तरी भागतं.

कष्टकऱ्यांची जी कथा मला खरी वाटते, ती या दोन्ही उत्तरांच्या नादाला लागत नाही. तिच्यातल्या माणसाचा स्वभाव गरिबीनं बदलत नाही. गरिबी त्याच्यापुढचे रस्ते एकेक करून बंद करत जाते, आणि शेवटी जो एक उरतो त्यावरून तो आपल्याच स्वभावानं चालू लागतो. भीमाचं धाडस, त्याचा हट्ट, पोरीवरची माया, कामातली चिकाटी, सगळं खाणीत होतं तसंच्या तसं मसणवट्यात आहे. खाण चालू असती तर याच गुणांनी तो गावाला पैसे पाठवणारा, चारचौघांत मान असलेला माणूस झाला असता. खाणीला टाळं लागतं आणि तेच गुण त्याला थडग्यापर्यंत घेऊन जातात. त्यानं अवगुणानं माती खाल्ली असती तर आपण सुटलो असतो. तो गुणांनीच तिथं पोचतो, हे पचवायला जड जातं.

हिंदीत प्रेमचंदांनी 1936 साली ‘कफन’ लिहिली. घिसू आणि माधव हे बापलेक झोपडीच्या दारात शेकोटीपाशी बसून शेतातून चोरून आणलेले बटाटे भाजून खात आहेत, आणि आत माधवची बायको बाळंतवेणांनी तडफडते आहे. बाप म्हणतो, आत जाऊन बघून ये. मुलगा जागचा हलत नाही, कारण तो आत गेला तर बाप जास्त बटाटे फस्त करील. पुढं कफनासाठी गोळा केलेले पैसे दोघं दारूत आणि पुऱ्यांत उडवतात, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्याहून ते बटाटे मोठे वाटतात. भूक माणसाच्या नात्यात कुठून शिरते हे प्रेमचंदांनी एका निखाऱ्याच्या उजेडात दाखवलं. माधवला बायकोबद्दल काहीच वाटत नसेल असं नाही. पण वाटण्याला उठून आत जावं लागतं, आणि उठणं त्याला परवडत नाही.

हे परवडणं काय असतं ते मी घरात पाहिलं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत सुरुवातीची बरीच वर्षं बदली कामगार होते. बदलीवाल्यानं पाळीच्या वेळेला दारात जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी आत घ्यायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. सकाळी भोंगा होऊन गेल्यावर जिन्यात वडिलांची चप्पल वाजली की आईला कळायचं. ती काही विचारत नसे. डबा हातातून घ्यायची, उघडून त्यातली भाजी पुन्हा पातेल्यात ओतायची आणि म्हणायची, ‘‘अहो, उद्या घेतील.’’ ती भाजी दुपारी आम्हा सगळ्यांच्या ताटात येई. त्या दिवशी वडील कुणाशी बोलत नसत.

बदलीवाल्याची भाकरी दुसऱ्याच्या खाड्यावर चालते. दुसरा आजारी पडला, गावाला गेला, दारू पिऊन पडला, तर आपला दिवस भरतो. आमच्याच मजल्यावर वडिलांचा एक मित्र राहायचा, त्याच खात्यात साच्यावर कायम. त्याला टायफॉइड झाला आणि तो बरेच दिवस अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी वडिलांना रोज काम मिळू लागलं. पगार झाल्यावर वडील मोसंबी घेऊन त्याला भेटायला गेले, मी सोबत होतो. त्याच्या उशाशी बसून मोसंबं सोलताना वडिलांनी विचारलं, ‘‘ताप उतरला का रे? डॉक्टर काय म्हणतो, कधी सोडणार कामावर?’’ या प्रश्नात माया होती. त्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं, झोपलेल्यालाही. तो हसला आणि म्हणाला, ‘‘घाई नाही हो, हा महिना काढा तुम्ही.’’ वडिलांनी मान खाली घातली आणि मोसंब्याची फोड त्याच्या हातावर ठेवली.

त्यांच्यात कोण चांगला आणि कोण स्वार्थी, हे विचारण्यात काही राम नाही. त्या व्यवस्थेनं एकाचा ताप आणि दुसऱ्याची हजेरी एकाच वहीत मांडून ठेवली होती, आणि त्या वहीच्या आत राहूनही दोघांनी एकमेकांना जेवढं देता येईल तेवढं दिलं. कथालेखकाला पात्र सापडायचं असेल तर अशा ठिकाणी सापडतं. गरिबीचं वर्णन करायला गळकं छप्पर आणि फाटकं लुगडं पुरे आहे. गरिबीतलं माणूस दाखवायला मात्र ते मोसंबं कुणाच्या पगारातून आलं हे माहीत असावं लागतं.

बाबुराव बागूल या बाबतीत फार कठोर होते. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 साली आला आणि मराठी कथेच्या बैठकीला हादरा बसला. शीर्षककथेतल्या नायकाला रेल्वेत नोकरी लागली आहे. गुजरातेत उधन्याला कामावर जायचं आहे, दर महिन्याला पगार मिळणार आहे. म्हणजे आपल्या रूढ हिशेबानं त्याची गरिबी संपली. पण राहायला खोली हवी, आणि खोली मागायला गेलं की आधी जात विचारतात. तो जात लपवतो. मान मिळतो, जागा मिळते, कविता ऐकणारा आणि त्याला गुरू मानणारा सहकारी मिळतो. जात उघडी पडल्यावर हीच माणसं त्याला मारतात. सोडवायला धावतो तो काशिनाथ, ज्यानं आपली जात कधी लपवलेली नसते.

या कथेत हलाखी खिशात नाही, ओळखीत आहे. मारणारेही कामगारच आहेत. ‘जगातल्या कामगारांनो’ म्हणून मोर्चात शेजारी चालणारी माणसं राहत्या खोलीच्या दारात एकमेकांची कोण होतात, हे बागुलांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. आणि हे त्यांनी कल्पनेनं रचलेलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. जास्त पगाराचं खातं तेच. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. म्हणून मला वाटतं, मराठीतल्या कामगारकथेविषयी बोलताना नुसतं ‘दारिद्र्य’ म्हणून भागत नाही. एकाच चाळीत, एकाच पगारावर राहणाऱ्या दोघांची गरिबी वेगळी असू शकते. एकाला पैसे मिळाले की ती संपते, दुसऱ्याला मिळाले तरी दाराशी बसून राहते. बागुलांची माणसं जी भडकून बोलतात, अंगावर धावून जातात, सूड मनात धरून चालतात, त्यांचं मूळ इथं आहे. काही समीक्षकांना ती भडक वाटली. त्या माणसांना हळू बोलून कुणी ऐकलं असतं, तर ती हळू बोलली असती.

1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला अण्णा भाऊ उभे राहिले, तेव्हा ते म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य पुढं पोस्टरांवर, कमानींवर फार लागलं. ते वाचलं की मला प्रत्येक वेळी भीमाचा तो दोन बोटं गेलेला हात आठवतो. अण्णा भाऊंनी सभेत जो हात गौरवला, तोच हात त्यांनी कथेत तोडून दाखवला. सभेतला अण्णा भाऊ आणि कथेतला अण्णा भाऊ यांच्यात मला कथेतला जास्त जवळचा वाटतो, कारण तिथं ते कुणाला धीर द्यायला उभे नाहीत.

आणखी एक गोष्ट मनात येते. हे लेखन कादंबरीपेक्षा कथेत जास्त नेमकं का उतरलं असावं? अण्णा भाऊंनी ‘फकिरा’ लिहिली, ती मोठी आहेच. पण रोजावर जगणाऱ्या माणसाचं आयुष्य दिवसादिवसानं मोजलेलं असतं. आज काम आहे का, आज उधारी मिळेल का, आज पोराला दवाखान्यात न्यायचं की उद्यापर्यंत थांबायचं. ज्याला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही त्याच्या आयुष्याला कादंबरीचा पसारा कुठून येणार? एका पाळीत, एका रात्रीत सगळं घडून जातं, आणि कथा नेमकी तेवढीच धरू शकते. लिहिणाऱ्यालाही वेळ तेवढाच मिळत होता. ज्यांना टेबल-खुर्ची नव्हती, एका खोलीत दिवा मालवायची सगळ्यांना घाई होती, त्यांनी जे लिहिलं ते आटोपशीर आणि घाईचं आहे. त्या घाईत कधी वाक्यं ओबडधोबड राहिली, प्रसंग नाटकी झाले. ते दोष आहेत. पण त्या दोषांच्या बदल्यात मला गुळगुळीत कथा दिलीत तर मी घेणार नाही.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. जयंत पवार त्या गिरणगावात वाढले आणि त्यांनी त्यानंतरची माणसं लिहिली. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या संग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातलं फिनिक्स म्हणजे फिनिक्स गिरणी, जिच्या जागी आता मॉल आहे. पवारांच्या आधीच्या ‘अधांतर’ नाटकातलं धुरी कुटुंब घ्या. बाप गिरणी कामगार, तो आता नाही, आई घर ओढते आहे. एकाच खोलीत वाढलेले, एकच आमटी खाल्लेले तीन भाऊ. एक लेखक व्हायचं म्हणतो, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक गुंडांच्या टोळीत. गरिबी जर माणूस घडवत असती तर तिघे सारखे निघाले असते. पवारांनी त्यांना तीन वेगळे स्वभाव दिले आणि मग त्या तिघांच्याही पुढचे रस्ते बंद केले. ही अन्नान्न दशा नाही. अंगात काहीतरी आहे आणि ते ठेवायला जागा नाही, ही त्यांची हलाखी. भीमाच्या पोटाची गरिबी आणि धुरींच्या पोरांची गरिबी यांत काही दशकांचं अंतर आहे, पण खाणीला आणि गिरणीला लागलेलं टाळं एकच.

या सगळ्या कथांत एक बाई मला अजून कडेलाच दिसते. खानावळवाली. गिरणगावात एकेका गाळ्यात दाटीवाटीनं राहणाऱ्या, बायकामुलं गावी ठेवून आलेल्या कामगारांना जेवण घालणाऱ्या या बायका. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तोवर त्यांना कामगार म्हणून कुणी मोजतही नव्हतं. कामगाराचा पगार थकला की पहिली उधारी तिची थकायची. संप लागला की तिचा कोळसा, तिचं पीठ, तिचा वाणी तिच्याच गळ्याशी. जेवायला आलेल्या बेकार माणसाला ताटावरून उठवायचं की वाढायचं, हा प्रश्न तिच्यासमोर रोज दोन वेळा उभा राहत असणार. मोठी कथा त्या प्रश्नात आहे.

गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींच्या दारात आता पाठीला चौकोनी पिशव्या लावलेली पोरं फोनकडं बघत उभी असतात. ऑर्डर आली तर दिवस भरला, नाही आली तर पेट्रोल अंगावर. त्यांच्यातली काही लिहितात. शाळा-कॉलेजात मराठी शिकलेली आहेत, फोनवर टाइप करतात, अधूनमधून एखाद्या दिवाळी अंकात त्यांच्यासारख्या कुणाची कथा येते. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: स्वतःच्या माणसांना बिचारं करू नका आणि थोरही करू नका. तो किती वाजता उठतो, कुणाच्या खाड्यावर त्याचं पोट चालतं, पगारातून काय कापलं जातं, घरी गेल्यावर कुणाशी बोलत नाही, हे आधी मांडा. त्याचा स्वभाव त्यातून आपोआप वर येईल. संपादकांनी अशी कथा आली तर तिची भाषा घासूनपुसून गुळगुळीत करू नये. आणि ज्यांनी ‘स्मशानातील सोनं’ अजून वाचली नसेल त्यांनी ती या आठवड्यात मिळवून वाचावी. कथा काही पानांचीच आहे, एका बैठकीत होते.